टेबल एक फूट सरकलं

रविवारी सकाळी मोजपट्टीने गुडघ्यांवर बसून फीत ओढली, तेव्हा अजून बनवायलाही न घेतलेलं टेबल एक फूट सरकलेलं निघालं.

तिने पुन्हा मोजलं. खिडकीपासून नऊ इंच सोडून तिने टेबल आखलं होतं, आता एकवीस भरत होते. लांबी सहा फुटांची साडेसहा झाली होती. सोफाही दाराच्या बाजूला हातभर वाढला होता. आठवडाभर घरात बाहेरचं कुणी फिरकलं नव्हतं, म्हणजे जे काही झालं होतं ते घरच्यांनीच केलं होतं.

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण वयाच्या सातव्या वर्षी, बाबा होते तेव्हा, त्यांच्या पोटाचा घेर रोज मोजून दाराच्या चौकटीवर लिहून ठेवणाऱ्या मुलीला घरात दुसरं काय म्हणणार? पुढे ती लोकांची घरं सजवून द्यायला लागली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की शहरभरच्या घरांना तिने हात लावला आणि स्वतःच्या घरच्या दिवाणखान्याला लावायची परवानगी मिळायला बारा वर्षं गेली. बारा वर्षं दादा म्हणत होता, "बघू." गेल्या महिन्यात वहिनी म्हणाली, "बघून झालं," आणि काम सुरू झालं.

तिची एक रीत होती. नकाशा कागदावर दाखवून झाला, की ती निळ्या चिकटपट्टीने सगळं फर्निचर खऱ्या मापात जमिनीवर आखून द्यायची. मग घरच्यांनी सात दिवस त्या पट्ट्यांसोबत राहायचं. पट्टी म्हणजे लाकूड असं समजायचं, वळसा घालून जायचं, काही हलवायचं नाही. सातव्या दिवशी खुर्च्या मांडून एकदा जेवून बघायचं आणि मगच मिस्त्रींना हो म्हणायचं. कागदासमोर माणसं नुसती मान डोलावतात, असा तिचा अनुभव होता. एक वकीलसाहेब नसलेल्या टीपॉयला अडखळून त्याची माफी मागायचे. एका जोडप्याने नसलेल्या पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूवरून चार दिवस अबोला धरला आणि शेवटी दोन पलंग करून घेतले.

आता तिच्या घरच्यांनी वकीलसाहेबांवर कडी केली होती. आणि चार वाजता मिस्त्री माप घ्यायला येणार होते.

चोर शोधायला फार डोकं लागलं नाही. ती स्वतः पट्टी पात्याने कापायची, टोक सरळ. सोफ्याला जोडलेला तुकडा दाताने तोडलेला होता, आणि पट्टी, दोरा, गोळ्यांचं पाकीट, सगळं दाताने तोडणारा माणूस घरात एकच होता. टेबलाच्या लांबीला जोडलेल्या तुकड्यावर मालिशच्या तेलाचं बोट उमटलं होतं, ते वहिनीचं. पण ज्याने आख्खं टेबल सरकवलं होतं त्याने पट्टी उचलून परत अशी बसवली होती, की एक सुरकुती नाही. असा हात घरात एकाच बाईचा.

मोजपट्टीने मान वर करून बघितलं. ती बाई टेबलाच्या मधोमध आपल्या लोखंडी खाटेवर बसून बटण लावत होती.

आत्या सत्तर वर्षांची. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचं काम केलेली. खिडकीकडचा कोपरा तिचा होता: मधोमध खाट, खिडकीकडे पाय करून टाकलेली, एका अंगाला शिलाईचं मशीन, आणि दिवाणखान्याच्या बाजूला तिनेच शिवलेला पडदा. नव्या नकाशात तिथे टेबल होतं. पडदा गेल्या रविवारीच उतरवला होता आणि पट्टी सरळ खाटेभोवती फिरवली होती. कारण आत्या आता काकांकडे राहायला जाणार होती. काकांचा मुलगा परगावी गेल्यापासून त्यांची एक खोली रिकामी होती. "ताईला मी नेतो," असं काका फोनवर म्हणाले, सगळ्यांनी आत्याकडे बघितलं, आणि आत्या म्हणाली, "जाते की." एवढ्यावर चाळीस वर्षांचा मुक्काम उठला. दुसऱ्याच दिवशी खाटेच्या पायथ्याशी तिची तपकिरी बॅग बंद होऊन उभी राहिली.

आणि तेव्हापासून आत्याने पट्टीचा नियम घरात सगळ्यांपेक्षा कडक पाळला. खाटेवर जायचं झालं की ती पट्टीपाशी थांबायची, साडी सावरायची, आणि टेबलावर चढावं तसा पाय उंच उचलून आत जायची. "या वयात टेबलावर झोपायची वेळ आली," असं म्हणायची, तेही इतक्या समजूतदार आवाजात, की दादाच्या घशात दोनदा घास अडकला.

"आत्या," मोजपट्टी म्हणाली, "टेबल कुणी सरकवलं?"

"कुठलं टेबल?" आत्याने दोरा तोडला. "इथे टेबल आहे होय? मला वाटलं माझी खाट आहे."

"आत्या."

"मी तुझ्या पट्टीच्या वाटेला गेले नाही हो बाई. विचार तुझ्या आईला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नेहमी तिथेच उभी असायची, आत काय शिजतंय आणि बाहेर काय चाललंय हे दोन्ही तिथून दिसायचं. "मला काय विचारायचंय?" ती म्हणाली. "वन्संनी केलं असेल तर त्या का सांगतील? त्यांनी माझ्या लग्नातल्या पोलक्याची बाही आखूड केली, ते अजून कबूल केलेलं नाही."

"तुझा हात लांब होता," आत्या म्हणाली.

"बघितलंस?" आई मोजपट्टीला म्हणाली, आणि आत गेली.

*

काका-काकू अकराला आले. काकांनी गाडीची मागची सीट सामानासाठी मोकळी करून आणली होती आणि ते त्यांनी आल्या आल्या तिघांना वेगवेगळं सांगितलं. काका कोर्टातून निवृत्त झालेले, तीस वर्षं साक्षी उतरवून घेतलेले. टेबल सरकल्याचं कळताच त्यांचा चेहरा उजळला. असं प्रकरण त्यांच्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

"कुणी जागचं हलायचं नाही," ते म्हणाले. "एकेकाची साक्ष होऊ दे."

"आधी चहा होऊ दे," काकू म्हणाल्या आणि कप घ्यायच्या निमित्ताने आत सटकल्या.

काकूंना साक्षीची धास्ती होती, कारण बुधवारी त्या "सहज" म्हणून येऊन गेल्या होत्या. आई आंघोळीला, आत्या गच्चीवर, आणि काकूंच्या केसांत आकडा. आकड्याने पट्टी छान निघते हे त्यांना त्या दिवशी कळलं. टेबल चार इंच दिवाणखान्याकडे ढकलताना त्यांचा हिशोब साधा होता: टेबल जितकं बाहेर सरकेल तितकी खाट मोकळी होईल, आणि खाट मोकळी झाली तर वन्संना कुठे जायला नको. वन्संवर त्यांचा राग नव्हता. पण मुलाची ती खोली मिळून आठ महिने झाले होते. दुपारी दोनला काकू तिथे दार लावून, पाय वर घेऊन, रेडिओ ऐकत चहा प्यायच्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात दार लावून चहा प्यायला त्यांना प्रथमच मिळालं होतं. हे नवऱ्याला सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, दार लावून कशाला प्यायचा?

स्वयंपाकघरात वहिनी भिंतीवरच्या चौकोनांकडे बघत होती. मोजपट्टीने तिथे रंगाचे सहा नमुने लावून दिले होते, सकाळच्या, दुपारच्या आणि दिव्याच्या उजेडात बघायला. सहाही पांढरे.

"तुम्हाला कुठला आवडतो काकू?"

"सहाही सारखेच दिसतायत गं."

"आईंनीपण हेच सांगितलं. हे म्हणाले, रंग सुकला की सांगतो. सुकून चार दिवस झाले." वहिनीने कपात साखर जरा जोरातच घातली. "या घरात मला काय हवंय ते कुणाला दिसतच नाही. पांढऱ्यासारखंच."

वहिनीचं म्हणणंही खोटं नव्हतं. ती हाडा-सांध्यांचे व्यायाम शिकवायची. सकाळी नऊपासून लोकांना सांगायची, ताठ बसा, जेवताना वाकू नका. आणि घरी येऊन बारा वर्षं ती टीपॉयवर वाकून, ताट मांडीवर सांभाळत जेवत होती. तिला आत्या नको होती असं नव्हे. तिला टेबल हवं होतं. पण दिवाणखान्यात टेबल मावेल अशी जागा एकच होती आणि तिथे आत्या होती, आणि त्याला ती काय करणार?

"मीपण पट्टी वाढवली," तिने हळूच सांगितलं. "सहा इंच. तुम्ही दोघं येता तेव्हा कोपर लागायला नको."

काकू चहात बघत म्हणाल्या, "किती विचार करतेस आमचा."

*

बाहेर काकांनी दादाला उभं केलं होतं.

"सोफा हातभर वाढला. तू कुठे होतास?"

"सोफ्यावर," दादा म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि तो दिवसाचे अकरा तास उभा असायचा. आयुष्याकडे त्याचं एकच मागणं होतं, की घरी आल्यावर पाय लांब करता यावेत. "मी तिथे जमिनीवर झोपून बघितलं. पाय पट्टीबाहेर जात होते. म्हणून पट्टी पायापर्यंत नेली."

"दाताने तोडलीस," मोजपट्टी म्हणाली.

"कात्री कुठे ठेवतेस ते कुणाला सापडतं?"

"पुढचा साक्षीदार," काका म्हणाले आणि आत्याकडे वळले. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "ताई, तू शपथेवर सांग."

"धाकट्या, तुझ्या चड्ड्या मी शिवल्यात. मला शपथ घालू नकोस."

काकांनी साक्ष तहकूब केली.

मोजपट्टीला आता राग येत होता. राग पट्टीचा नव्हता, आपल्या कामाचा खेळ झाला याचा होता. परक्या घरात हीच पट्टी माणसं जपतात, पाहुण्यांना दाखवतात. आणि इथे? इथे ती अजून बाबांचं पोट मोजणारी पोरगीच होती. तिने गुंडाळी काढली, नकाशा पसरला, जमिनीवरच्या सगळ्या पट्ट्या सरसर उपटल्या आणि नव्याने आखायला घेतलं. सोफा साडेपाच फूट. टेबल सहा बाय तीन, खिडकीपासून नऊ इंच. पट्टी खाटेभोवती फिरवताना आत्याने मुकाट्याने पाय वर घेतले.

"आता जेवायला बसू," मोजपट्टी म्हणाली. "मूळ मापावर. कुणी काही हलवायचं नाही."

"खाट तरी बाजूला घेऊ," दादा म्हणाला.

"काही हलवायचं नाही म्हणजे नाही. टेबल आहे असं समजायचं."

वरच्या मजल्यावरून दोन खुर्च्या मागून आणल्या, चार घरातल्या. तीन या बाजूला, तीन मशीनच्या बाजूला. प्रत्येकाने आपलं ताट वाढून घेतलं आणि जागा धरली. एका बाजूला दादा, वहिनी, मोजपट्टी. दुसऱ्या बाजूला काका, काकू, आई. गुडघ्यांपाशी निळी पट्टी आणि पट्टीच्या आत लोखंडी खाट, तिच्यावर निळ्या चौकड्यांची चादर.

तेवढ्यात आत्या स्वतःचं ताट घेऊन आली. एकदा तिने टेबलाभोवती फेरी मारली. मग थांबून विचारलं, "मी कुठे बसू?"

खुर्च्या सहा होत्या. वहिनीने सांगितलं होतं सहा, मोजपट्टीने लिहिल्या होत्या सहा, आणि मांडून बघितल्या तेव्हा बरोबर सहा माणसं होती. आत्या रविवारी जेवायला कुणाकडे असेल, याचा विचार दोघींपैकी कुणीच केला नव्हता.

"बरं," आत्या म्हणाली. तिने पाय उंच उचलला, पट्टी ओलांडली, आणि खाटेच्या मधोमध मांडी घालून, ताट पुढ्यात घेऊन बसली. सहा जणांच्या बरोबर मधे, टेबलावर वाढून ठेवल्यासारखी.

"जेवा," ती म्हणाली. "माझी अडचण होत नाही ना कुणाला? भाजी हवी असेल तर माझ्या पाठीमागून द्या."

काकूंना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यावर नेलं. दादा ताटात बघत राहिला. काकांनी घसा साफ केला. समोरच्या बाजूला बघायचं तर मधे ताई येत होती, आणि ताईकडे बघायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्यांदा वहिनीचा हात थांबला. "मला नाही जेवता येत असं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "मला टेबल हवं होतं, पण असं नको होतं."

"मग कसं हवं होतं?" आईने विचारलं.

"ते मला काय माहीत? ते हिचं काम ना," वहिनी मोजपट्टीकडे बघत म्हणाली.

मोजपट्टी उठली. तिने पिशवीतून एक फाईल काढली. नवीन काम घेतलं की ती घरातल्या प्रत्येकाला बेचाळीस प्रश्न विचारायची आणि उत्तरं ज्याच्या त्याच्या पानावर लिहायची. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुठे बसता? चहा कुठे पिता? भांडल्यावर कुठे जाता? या प्रश्नांशिवाय तिने आजवर खिळा ठोकला नव्हता. पण हे घरच. घरच्यांना काय विचारायचं, म्हणून तिने सगळी पानं आपल्या टेबलाशी बसून स्वतःच भरली होती. दादा: आडवा. आई: स्वयंपाकघराच्या दारात. वहिनी: घाईत. तिने पानं उलटली. आत्याचं पान होतं, वर नाव होतं, खाली बेचाळीस ओळी कोऱ्या. ती जाणारच आहे म्हणून.

मोजपट्टीला लाज वाटली, आणि ती तिने लपवली नाही. ती खाटेजवळ जमिनीवर बसली.

"आत्या, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुठे बसतेस?"

"हे आता विचारतेस?"

"आता विचारतेय."

आत्याने घास खाली ठेवला. "इथेच. खिडकीकडे तोंड करून. समोरचा बेकरीवाला शटर उघडतो तेवढं बघते."

"भांडलीस की कुठे जातेस?"

"कुठे जाणार? पडदा ओढते. मग तुझी आई पडद्याबाहेरून अर्धा तास बोलते. तिला वाटतं मी ऐकत नाही."

"ऐकता ते माहितीये मला," आई म्हणाली.

"या घरात तुला काय हवंय?" हा बेचाळिसावा प्रश्न होता. मोजपट्टीने बाकीचे एकोणचाळीस गाळले.

आत्याने चादरीच्या चौकड्यांवर बोट फिरवलं. "मला जायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात, तेव्हा मी जाते म्हणाले. पण मला जायचं नाही."

काकांचा चेहरा पडला. "ताई, मी तर तुझ्याचसाठी..."

"तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या. त्यांनाही आपलं धैर्य नवीनच होतं. "चार माणसांत सांगायला. मला कुणी विचारलं? वन्सं, राग मानू नका. बुधवारी टेबल मी सरकवलं. चार इंच. त्या खोलीत मी दुपारी चहा पिते, दार लावून."

"दार लावून कशाला?" काकांनी विचारलं.

काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"तरीच," आई म्हणाली. "मी म्हणत होते, मी तर रोज एकच बोट सरकवते, बुधवारी एवढं कसं गेलं पुढे."

सगळ्या माना आईकडे वळल्या. आत्याचीही.

"बघताय काय? उलथण्याने उचलते. मंगळवारपासून पाच दिवस, रोज एक बोट. धरा चार इंच." आई ताटाकडे बघत, पण ठणकावून बोलत होती. "चाळीस वर्षं या बाईशी भांडतेय. पोलक्याची बाही अजून कबूल करून घ्यायची राहिलीय. आता या वयात दुसरं माणूस कुठून आणू, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगू कधी?"

आत्याने काहीच उत्तर दिलं नाही. आईला उत्तर न देण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी.

काकांनी सवयीने बोटांवर मोजलं. "चार आणि चार आठ. टेबल तर बारा सरकलंय. चार इंचांचा खुलासा होत नाही."

"चार इंच सोडा हो," वहिनी म्हणाली. "टेबल कुठे ठेवायचं ते बघा."

मोजपट्टीने गुंडाळी आत्यापुढे धरली. "तू आख."

"मी?"

"तीस वर्षं कापड बेतलंस ना? आखूड कापडात आख्खा झगा बसवायचीस. बसव इथे."

आत्याने गुंडाळी घेतली नाही. कमरेच्या पिशवीतून तिने शिवणकामाचा चपटा खडू काढला, खाटेवरून उतरली, आणि या वेळी पट्टीवर बिनधास्त पाय दिला. "ही खाट अशी मधे कशाला हवी? कापड मधोमध कापलं की दोन्हीकडे तुकडे वाया जातात. दादा, धर ते टोक."

खाट भिंतीला लागली. मशीन खिडकीखाली गेलं, जिथे उजेड होता आणि चाळीस वर्षं कुणी ते ठेवलं नव्हतं. आत्याने वाकून खाटेच्या कडेला धरून एक लांब रेघ मारली, मग दुसरी. "टेबल हे इथे. रुंदी तीन नको, अडीच पुरे. बाजूला तिघं खाटेवर बसतील, पाठीला भिंत. समोर तीन खुर्च्या, टोकाला एक. झाले सात. रात्री टेबल फूटभर पुढे ढकलायचं, मला उतरायला. पडदा वरच्या सळईला, तोही मीच शिवीन, या वेळी छतापासून. खोली उंच दिसते त्याने."

मोजपट्टी गिऱ्हाइकांना पडद्याबद्दल अगदी हेच सांगायची, आणि त्याचे पैसे घ्यायची.

"आणि सोफा?" दादाने विचारलं.

"सोफा पाच फूट."

"माझे पाय?"

"दुमडायचे."

दादाने वहिनीकडे मदतीसाठी बघितलं. वहिनी आधीच खाटेवर जाऊन बसली होती, पाठ भिंतीला, ताठ, दोन्ही कोपरं नसलेल्या टेबलावर. "उंची बरोबर आहे," ती म्हणाली. "इथे माझी जागा. खिडकीकडून दुसरी."

"खिडकीकडची माझी," आत्या म्हणाली.

"मी वन्संच्या शेजारी बसणार नाही," असं म्हणत आई तिसऱ्या जागेवर, म्हणजे वहिनीच्या पलीकडे, आपलं ताट घेऊन बसली. मग मान पुढे काढून तिने आत्याला बघितलं. वहिनी मधे येत होती. शेवटी ती सुनेला म्हणाली, "तू जरा इकडे माझ्या जागेवर ये गं."

*

चारला मिस्त्री आले. वाकून त्यांनी खडूच्या रेघेवर फीत लावली आणि एक डोळा मिटून बघितलं. "ही रेघ कुणी मारली? पट्टी न लावता?"

"आमच्या आत्याने," मोजपट्टी म्हणाली. हे सांगताना तिला आपल्या कुठल्याही कामाइतका अभिमान वाटला.

"खुर्च्या सहा लिहिल्यात मी," मिस्त्री वही बघत म्हणाले.

"चार," वहिनी म्हणाली. "आणि रंगाऱ्याला सांगा, दुसऱ्या ओळीतला शेवटचा. माझं ठरलंय."

"ही बॅग रेघेवर येतेय," मिस्त्री म्हणाले.

काका पुढे झाले. दिवसभरात त्यांच्या हातून एवढं तरी व्हायला हवं होतं. चाळीस वर्षांच्या सामानाची बॅग उचलायची म्हणून त्यांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी मूठ धरली, जोर लावला, आणि बॅगेसकट मागे जाऊन सोफ्याच्या जागेवर बसले. बॅगेत काहीतरी गडगडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं.

मोजपट्टीने बॅग उघडली. आत एकही कपडा नव्हता. निळ्या चिकटपट्टीची एक गुंडाळी होती, अर्धी वापरलेली, तिच्याच पिशवीतली.

काका बसल्या जागेवरून म्हणाले, "चार इंच."

आत्या खिडकीखाली मशीनचं चाक हाताने फिरवून बघत होती. "सोमवारी सरकवलं," ती म्हणाली. "एकदाच. रोज थोडं थोडं सरकवायचा बेत होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टेबल मी ठेवलं होतं त्याच्या एक बोट पुढे." तिने सुईत दोरा ओवला आणि आईकडे बघितलं. "मग मी कशाला वाकू?"